नदीची नाडीपरीक्षा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल की, साहित्य, इतिहास, अर्थकारण आणि तत्त्वज्ञान यांच्या पंक्तीला हे मासे कोणी आणून बसवले? ज्यांचा माशांशी ताटातदेखील संबंध येत नाही, अशी मंडळीही या सभेत पुष्कळ असतील. त्यांना प्रारंभीच अभय देतो. मी मासे खाण्याविषयी बोलणार नाही. मासे मोजण्याविषयी बोलणार आहे. आणि मासे तरी कशासाठी मोजायचे? तर ज्या नदीचे पाणी आपण पितो, जिच्यात आपले सांडपाणी सोडतो आणि जिला वर्षातून एकदा ओटी भरून आई म्हणतो, ती नदी निरोगी आहे की रोगी, हे ठरवण्यासाठी.

नदी निरोगी आहे हे ओळखायचे कसे? आपण सहज म्हणतो, पाणी स्वच्छ असले म्हणजे झाले. परंतु स्वच्छ म्हणजे काय? आज आपल्याकडे यासाठी जी पद्धत रूढ आहे तिचे स्वरूप असे: ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी माणूस जातो, बाटली भरतो आणि ती प्रयोगशाळेत पाठवतो. तेथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, सेंद्रिय घाण कुजण्यास किती प्राणवायू लागतो, आम्लता किती, विष्ठेतील जंतू किती हे तपासतात. मत्स्यजीवनाला योग्य अशा पाण्याच्या वर्गासाठी आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्राणवायूची किमान मर्यादा लिटरमागे 4 मिलिग्रॅम ठेवलेली आहे. ही तपासणी आवश्यक आहे, आणि तिची निंदा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण तिच्या मर्यादा आपण समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा वेळेची. बाटलीतले पाणी ज्या क्षणी भरले त्या क्षणाची हकिगत सांगते. एखादा कारखाना रात्री दोन वाजता घाण सोडत असेल, तर सकाळी अकरा वाजताच्या बाटलीला ती दिसेलच असे नाही. एवढेच नव्हे, तर बाटली कधी कधी नेमके उलटे सांगते. ज्या पाण्यात शेवाळ माजले आहे त्या पाण्यात भर दुपारी प्राणवायू भरपूर सापडतो, कारण ऊन असेपर्यंत शेवाळ प्राणवायू सोडत असते. सूर्य मावळला की हे थांबते. पण त्या शेवाळाचे आणि कुजणाऱ्या गाळाचे श्वसन चालूच राहते. पहाटेच्या सुमारास प्राणवायू इतका खाली जातो की मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडतात. पहाटे बाटली भरायला सहसा कोणी जात नाही. मासे मात्र तेथेच असतात. त्यांना दुपार आणि पहाट दोन्ही भोगावी लागतात.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे. तळाचे दगडगोटे, वाळू, डोह, खळाळ, काठची झाडे, त्यांची सावली, पाण्यात पडणारा पालापाचोळा, पावसाळ्यातला पूर आणि उन्हाळ्यातली बारीक धार, हे सर्व मिळून नदी होते. समजा, एखाद्या ओढ्याची वळणे काढून टाकली, काठची झाडे तोडली, तळ सपाट केला, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती घातल्या आणि मग त्यातून अगदी नितळ पाणी सोडले. बाटली म्हणेल, उत्तम! पण तो ओढा राहिला का? ती मोरी झाली. ही गोष्ट सांगण्याचे साधन बाटलीजवळ नाही.

मग हे साधन कोणाजवळ आहे? जे त्या पाण्यात जन्मतात, वाढतात आणि मरतात त्यांच्याजवळ. सजीवांवरून पाण्याची परीक्षा करण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीमध्ये कोल्क्विट्झ आणि मार्सन या दोघांनी 1908 आणि 1909 साली, कोणत्या वनस्पती आणि कोणते प्राणी किती घाणीच्या पाण्यात राहतात याच्या याद्या केल्या आणि त्यांवरून पाण्याच्या प्रती ठरवल्या. त्याच सुमारास अमेरिकेत इलिनॉय नदीवर स्टीफन फोर्ब्ज आणि त्यांचे सहकारी मासे व इतर जलचर यांचा अभ्यास करीत होते. त्या काळी मुख्य प्रश्न होता तो गटारांच्या घाणीचा. पुढे प्रश्न वाढले. शेतातली माती, खते, कीटकनाशके, धरणे, बंधारे, नदीची सरळ केलेली पात्रे. एकाच घाणीसाठी केलेली मोजपट्टी आता अपुरी पडू लागली.

या ठिकाणी अमेरिकेतल्या एका कायद्याचा उल्लेख करणे भाग आहे. 22 जून 1969 रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात कायाहोगा नदीवर आग लागली. पाण्यावर आग! नदीच्या पृष्ठभागावर तेलाचा थर आणि केरकचरा तरंगत होता, त्याने पेट घेतला. ही त्या नदीवरची पहिली आग नव्हती, परंतु या वेळी देशाचे लक्ष तिकडे गेले. अशा अनेक घटनांनी लोकमत तापले आणि 1972 साली जलशुद्धीचा मोठा कायदा झाला. देशातील पाण्याचे रासायनिक, भौतिक आणि जैविक साकल्य पुन्हा मिळवणे आणि राखणे, असे त्या कायद्याचे ध्येय सांगितले गेले. त्यांच्या ‘इंटिग्रिटी’ या शब्दासाठी मी ‘साकल्य’ हा शब्द योजतो. साकल्य म्हणजे सगळे अवयव जागेवर असणे आणि ते एकमेकांशी मिळून काम करीत असणे.

रासायनिक साकल्य मोजता येत होते. भौतिकही काही प्रमाणात मोजता येत होते. पण जैविक साकल्य मोजायचे कशाने? कायद्यात शब्द होता, पण शब्दाला माप नव्हते. हे माप देण्याचे काम जेम्स कार या शास्त्रज्ञांनी केले. हे गृहस्थ मूळचे पक्ष्यांचे अभ्यासक. 1970 नंतरच्या दशकात ते इंडियाना राज्यातील ब्लॅक क्रीक या लहानशा ओढ्यावरील एका सरकारी योजनेत काम करू लागले. हा ओढा मॉमी नदीला मिळतो आणि मॉमी जाते ईरी सरोवरात. शेतांतून वाहून जाणारी माती आणि खते या सरोवराला बिघडवीत होती; म्हणून माती शेतातच अडवावी, असा योजनेचा उद्देश होता. उद्देश चांगलाच होता. परंतु कार आणि त्यांचे सहकारी पाण्यात उतरून मासे पाहू लागले तेव्हा त्यांना दिसले की, शेतातली माती अडवली एवढ्याने ओढा सुधारत नाही. काठाची झाडे गेल्यामुळे पाणी तापत होते, शेवाळ वाढत होते. पात्र सरळ केल्यामुळे डोह नाहीसे झाले होते. माशांना घर उरले नव्हते. या अनुभवातून त्यांनी 1981 साली एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यात माशांच्या समाजावरून ओढ्याचे जैविक साकल्य मोजण्याची रीत मांडली. तिला आपण सोयीसाठी ‘साकल्यांक’ म्हणू.

मी ‘माशांच्या समाजावरून’ म्हणालो, ‘माशांवरून’ म्हणालो नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. एखाद्या गावाची स्थिती पाहायची तर आपण केवळ डोकी मोजत नाही. तेथे सुतार आहे का, कुंभार आहे का, वैद्य आहे का, शाळा आहे का, म्हातारी माणसे दिसतात का, मुले खेळतात का, की सगळे गाव एकाच धंद्यावर जगते आहे, हे विचारतो. कार यांनी ओढ्याला असेच बारा प्रश्न विचारले. ते तीन गटांत पडतात.

पहिला गट जातींचा. ओढ्यात एकंदर माशांच्या जाती किती? त्यांपैकी तळाशी दगडांत राहणाऱ्या ‘डार्टर’ नावाच्या चिमुकल्या माशांच्या जाती किती? डोहात राहणाऱ्या ‘सनफिश’च्या किती? तळाचे अन्न ओढून घेणाऱ्या ‘सकर’च्या किती? घाण मुळीच न सोसणाऱ्या नाजूक जाती किती? आणि काहीही सोसणारा ‘ग्रीन सनफिश’ एकंदर माशांत शेकडा किती? या प्रत्येक प्रश्नामागे हेतू आहे. डार्टर दगडांच्या फटींत राहतो, तेथेच चरतो. शेतातला गाळ येऊन त्या फटी बुजल्या की त्याचे घर, अन्न आणि अंड्यांची जागा एकदम जाते. म्हणून डार्टर नाहीसा झाला की समजावे, तळ गाळाने भरला. सनफिश गेला तर डोह गेला. सकर हा दीर्घायुषी मासा, कित्येक वर्षे जगतो. तो असला तर गेली काही वर्षे बरी गेली असे समजायचे. आणि इतर सर्व जाती घटून एकटा ग्रीन सनफिश माजला, तर ते ओढा बिघडल्याचे चिन्ह.

दुसरा गट अन्नाचा. मिळेल ते खाणारे मासे शेकडा किती? केवळ कीटकांवर जगणारे किती? आणि इतर माशांना खाणारे मोठे शिकारी किती? निरोगी ओढ्यात अन्नाची साखळी लांब असते. कीटक असतात, कीटक खाणारे असतात, त्यांना खाणारे असतात. ओढा बिघडला की वरच्या पायऱ्या कोसळतात आणि सर्वभक्षक तेवढे उरतात. कार यांच्या मूळ मापात सर्वभक्षक शेकडा 20 पेक्षा कमी असले तर ओढ्याला पूर्ण गुण, 45 पेक्षा अधिक झाले तर अगदी कमी गुण. शिकारी मासे शेकडा 5 च्या वर असले तर पूर्ण गुण, 1 च्या खाली गेले तर कमी गुण.

तिसरा गट संख्येचा आणि प्रकृतीचा. एकंदर मासे किती सापडले? भिन्न जातींच्या संकरातून झालेले किती? आणि रोग, गाठी, झडलेले पर, वाकडा कणा अशी व्यंगे शेकडा कितींत आहेत?

या बारा प्रश्नांपैकी प्रत्येकाला 5, 3 किंवा 1 असे गुण देतात. जेथे माणसाचा उपद्रव फारसा पोहोचलेला नाही अशा त्याच प्रदेशातील ओढ्याशी ताडून पाहायचे. त्याच्याशी जुळले तर 5, थोडे ढळले तर 3, फार ढळले तर 1. बेरीज अधिकात अधिक 60 आणि कमीत कमी 12. 58 ते 60 म्हणजे उत्तम, 48 ते 52 चांगली, 40 ते 44 मध्यम, 28 ते 34 वाईट, 12 ते 22 अतिशय वाईट. दोन वर्गांच्या मध्ये जागा मोकळी ठेवलेली आहे हे आपल्या लक्षात आले असेल. तेथे आकडा निर्णय देत नाही. तेथे जाणत्या माणसाने विचार करून निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. आणि ज्या ओढ्यात मासाच सापडत नाही त्याचा वर्ग निराळा, त्याला गुणच नाहीत.

प्रत्यक्ष काम कसे चालते तेही थोडक्यात सांगतो. ओढ्याची ठरावीक लांबी निवडतात, अशी की तीत डोह, खळाळ, उथळ असे सर्व प्रकार यावेत. मग खास बनवलेल्या यंत्राने पाण्यात विजेचा नियंत्रित प्रवाह सोडून मासे क्षणभर गुंगवतात, जाळीने उचलून पाण्याच्या पिंपात ठेवतात. जात ओळखायची, मोजायचे, व्यंग आहे का पाहायचे आणि पुन्हा ओढ्यात सोडून द्यायचे. हे काम शिकलेल्या माणसांनी, परवानगीने करावयाचे आहे; तारा टाकून नदीतले सारे जीव मारणे ही चोरी आहे, परीक्षा नव्हे. माशांची निवड करण्यात सोयही पुष्कळ आहे. शेवाळ किंवा कीटक यांची जात ओळखायला सूक्ष्मदर्शक आणि तज्ज्ञ लागतो. मासा काठावरच ओळखता येतो. शिवाय, अमुक एक कीटक नाहीसा झाला म्हटले तर नगरपालिकेच्या सभेत कोणी मान वर करणार नाही; पण मासे नाहीसे झाले म्हटले की सर्वांना समजते.

आता प्रश्न असा की, बाटलीपेक्षा माशांची साक्ष खरोखर काही अधिक सांगते काय? याचे उत्तर ओहायो राज्याने दिले. त्या राज्याने ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली आणि 1990 साली तिचे आकडे आपल्या जलनियमांत दाखल केले. त्याच वेळी नद्यांच्या 645 भागांचे रासायनिक निष्कर्ष आणि जैविक निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात आले. जवळजवळ निम्म्या भागांत असे आढळले की, रासायनिक तपासणीला काहीच दोष दिसत नव्हता, पण पाण्यातले जीवन मात्र बिघडलेले होते. निम्म्या! म्हणजे केवळ बाटलीवर विसंबून राहिले असते तर त्या सर्व भागांना निरोगी असल्याचे प्रशस्तिपत्र मिळाले असते. या एका तुलनेत माझ्या आजच्या व्याख्यानाचे सार आले आहे.

याचा अर्थ बाटली फेकून द्यावी असा नाही. मासे सांगतात की नदी आजारी आहे. कोणत्या विषाने आजारी आहे हे सांगायला पुन्हा रसायनशास्त्रच लागते. वैद्य आधी नाडी पाहतो आणि मग रक्त तपासायला पाठवतो, तसा हा क्रम आहे. आणि उपचार केला तर नाडी सुधारते, हेही मासेच सांगतात. ज्या कायाहोगा नदीला आग लागली होती, जिच्या एका मोठ्या लांबीत मासे जवळजवळ उरले नव्हते, त्या नदीत आता साठांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

या रीतीविषयी काही सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर मी आपल्याला अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. पहिली गोष्ट, ही पट्टी एका प्रदेशातून उचलून दुसऱ्या प्रदेशात जशीच्या तशी लावता येत नाही. जाती अधिक म्हणजे नदी चांगली, हा नियम कोमट पाण्याच्या ओढ्यांचा. थंड डोंगरी झऱ्यांत मुळातच थोड्या जाती असतात. तेथे झाडे तोडून पाणी तापले की खालच्या जाती वर येतात आणि जातींची संख्या वाढते. तेथे वाढ हेच बिघाडाचे लक्षण! दुसरी गोष्ट, लहान ओढा आणि मोठी नदी यांची अपेक्षा एक नसते. नदी मोठी तशा जाती अधिक. म्हणून ओढ्याची तुलना ओढ्याशीच केली पाहिजे. तिसरा आक्षेप काही शास्त्रज्ञांनीच घेतला आहे. बारा गोष्टींची एक बेरीज केली की खरे दुखणे बेरजेत लपते. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून बेरीज पाहून थांबू नये, बाराही रकाने वाचावेत. परीक्षेत एकूण गुणांवरून मुलगा कसा आहे ते कळते. तो गणितात कच्चा की भाषेत, हे गुणपत्रिका उघडल्याशिवाय कळत नाही.

ही सावधगिरी पाळून ही रीत जगभर गेली. 1992 साली फ्रान्समध्ये सेन नदीच्या खोऱ्यासाठी तिची पट्टी बदलून घेण्यात आली. युरोपीय संघाने 2000 साली पाण्याविषयी जे मोठे धोरण ठरवले, त्यात नदीची स्थिती ठरवणाऱ्या जैविक घटकांत माशांना स्थान दिले. आणि आपल्या देशात? इंदूर शहरातून वाहणारी खान नदी आणि तिला पोटात घेणारी, उज्जयिनीची क्षिप्रा यांच्यावर या पद्धतीने केलेला अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. तेथील माशांना लागू पडतील असे प्रश्न तयार करून शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या या दोन नद्यांची परीक्षा घेण्यात आली. होळकरांचे इंदूर आणि महांकाळाचे उज्जैन ही दोन्ही मराठी माणसाला परकी नाहीत. म्हणजे ही विद्या आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचलेली आहे.

आता अंगणातून घरात येऊ. या रीतीचा पाया कोणता? ‘पूर्वी येथे काय होते’ याचे ज्ञान. नोंद नसेल तर हानीही दिसत नाही. ज्याने नदी मेलेलीच पाहिली त्या मुलाला ती तशीच असते असे वाटते. या बाबतीत आपण दख्खनचे लोक थोडे भाग्यवान आहोत. मुंबई इलाख्यात सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर असलेला विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. त्याने दख्खनच्या नद्यांतील मासे गोळा केले आणि 1839 च्या सुमारास त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. विशेष हे की, नावे देताना त्याने येथल्या लोकांच्या तोंडचे शब्द उचलले. आजही जगातले शास्त्रज्ञ आपल्या महाशीर माशाला ‘टॉर खुद्री’ म्हणतात, त्यातला ‘खुद्री’ हा शब्द येथला आहे. ‘कोळस’, ‘फुलुंगी’, ‘ताकरी’, ‘नुक्ता’, दगडाला चिकटून राहणारा ‘मुल्या’, ही सगळी नावे लॅटिनच्या शेजारी जाऊन बसली आहेत. ज्या कोळ्याने किंवा भोयाने साइक्सला ती नावे सांगितली, त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही; पण त्याचे ज्ञान शास्त्राच्या ग्रंथांत अजून जिवंत आहे.

त्यानंतर 1942 साली फ्रेझर यांनी आणि त्यांच्या पाठोपाठ होरा व मिश्र यांनी पुण्याच्या माशांवर लेख लिहिले. 1963 साली टोणपी आणि मुल्हेरकर यांनी पुन्हा यादी केली. 2003 साली वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेतील माशांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांना जुन्या यादीतल्या काही जाती सापडल्या नाहीत, आणि जुन्या यादीत नव्हते असे परदेशी मासे सापडले. मुळा-मुठेची ही साक्ष जवळपास पावणेदोनशे वर्षांची होते. एका शहराच्या नद्यांविषयी इतकी लांब साक्ष आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी मिळेल.

परदेशी माशांचा उल्लेख आला म्हणून एक इशारा देतो. पुलावरून खाली पाहताना काळ्या पाण्यात मासे वळवळताना दिसले की आपल्याला समाधान वाटते; “मासे आहेत, म्हणजे नदी जिवंत आहे!” श्रोतेहो, हे समाधान फसवे असू शकते. ते मासे बहुधा चिलापी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला तिलापिया असतात, किंवा डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडलेले गप्पी असतात. हे कमी प्राणवायूतही तग धरतात. अमेरिकेतल्या ग्रीन सनफिशची जी साक्ष, तीच येथे चिलापीची. मासे आहेत का, हा प्रश्न पुरेसा नाही. कोणते आहेत आणि कोणते गेले, हा खरा प्रश्न आहे. ज्या महाशिराला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि अंड्यांसाठी स्वच्छ गोटे लागतात, तो गेला असेल आणि चिलापीने डोह भरला असेल, तर त्या नदीला मासळीबाजाराच्या दृष्टीने श्रीमंत म्हणता येईल, पण निरोगी म्हणता येणार नाही.

तुलनेसाठी निरोगी जागा कोठे शोधायच्या? काही ठिकाणी आपल्या पूर्वजांनी त्या राखून ठेवल्या आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड येथील डोहातले महाशीर देवीचे म्हणून कोणी मारीत नाही. ज्यांनी हा नियम घातला त्यांच्यासमोर साकल्यांक नव्हता, हे उघडच आहे. परंतु श्रद्धेने राखलेला असा डोह आज शास्त्राच्याही उपयोगी पडू शकतो. अर्थात वरचे जंगल गेले आणि पाणीच आटले, तर केवळ देवीच्या नावावर मासा जगणार नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या देशातही पाण्यासाठी कायदा आहे. तो 1974 साली झाला. त्याच्या उद्देशात पाण्याचा निकोपपणा राखणे आणि गेला असल्यास पुन्हा आणणे, असे म्हटले आहे. प्रदूषणाची जी व्याख्या त्यात केली आहे, तीत माणसाच्या आरोग्याबरोबर जलचर जीवांचे जीवन आणि आरोग्य यांना होणाऱ्या अपायाचाही समावेश आहे. म्हणजे मासे हे या कायद्यात पाहुणे नाहीत, वादी आहेत. त्यांची बाजू ऐकण्याची सोय मात्र आपण अजून नीट केलेली नाही. नदीकाठ सुशोभित करायचा, भिंती बांधायच्या, बागा करायच्या, बंधारा घालून पाणी तुंबवायचे, अशा योजना गावोगावी निघत असतात. त्यांच्या अहवालांत पाण्याच्या तपासणीचे तक्ते असतात. आपण नागरिकांनी एवढाच प्रश्न विचारावा: काम सुरू होण्यापूर्वी या पात्रात कोणत्या जातींचे मासे होते, आणि काम झाल्यावर तीन वर्षांनी कोणते असतील असे आपण समजता? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कोणाला तरी पाण्यात उतरावे लागेल, आणि एकदा पाण्यात उतरले म्हणजे नदी आपली हकिगत सांगू लागते.

हे काम केवळ सरकारचे नाही. आपल्या गावातल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा विभाग असेल. त्याने दरवर्षी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, त्याच जागी, त्याच रीतीने मासे नोंदावेत. नदीवर जाळे टाकणारे जे म्हातारे मच्छीमार अजून आहेत, त्यांच्याजवळ बसून त्यांच्या तरुणपणी कोणते मासे मिळत ते लिहून घ्यावे. साइक्सने जे केले ते आपल्याला करता येऊ नये असे काही नाही. आणि या खेपेस सांगणाऱ्याचे नावही लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी कोणी या नदीची परीक्षा घ्यायला बसेल तेव्हा त्याला आपली वही लागणार आहे. ती कोरी सापडली तर दोष नदीचा नसेल.

आपल्या जुन्या वैद्यांची अशी समजूत होती की, रोगी खोटे बोलेल पण त्याची नाडी खोटे बोलणार नाही. नदीच्या बाबतीत आपण सगळेच थोडे खोटे बोलतो; सांडपाणी सोडणारा बोलतो, ते पाहून न पाहिल्यासारखे करणारा बोलतो आणि फुले वाहून घरी जाणाराही बोलतो. मासे तेवढे बोलत नाहीत. ते असतात किंवा नसतात. त्यांचे असणे आणि नसणे वाचायला आपण शिकलो, तर नदीविषयीची आपली भक्ती डोळस होईल.